तंजावरला जाताय? निदान दोन मुक्काम तरी ठेवा

पुण्याहून साउथची ट्रिप म्हटली की मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी हे ठरलेलंच, आणि टूरवाले तंजावरला मधेच दोन-तीन तास गाडी थांबवून मोठं देऊळ दाखवतात की लगेच चला पुढे. आम्ही यावेळी मुद्दाम स्वतःचं बुकिंग करून गेलो आणि आता ज्याला त्याला सांगतोय, मराठी माणसाने इथे घाई करू नका. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं इथे भोसल्यांचं राज्य होतं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून ते थेट १८५५ साली इंग्रजांनी खालसा करेपर्यंत, आणि आपल्याला शाळेत त्यातलं जेमतेम एक-दोन ओळी सांगतात.

जायचं कसं, तर पुण्याहून चेन्नई आणि तिथून रात्रीची ट्रेन, सकाळी तंजावर. फक्त चेन्नईत सेंट्रल आणि एग्मोर ही वेगवेगळी स्टेशनं आहेत, तिकिटावर नीट बघा आणि मधे भरपूर वेळ ठेवा. विमानाने जायचं तर त्रिची जवळ पडतं, तिथून बस सारख्या असतात, दीडेक तास. त्या बस गावाबाहेरच्या नवीन बसस्टँडला सोडतात, तिथून सिटी बसने जुन्या स्टँडला या, देऊळ आणि राजवाडा दोन्ही तिथून जवळ. हॉटेलही त्याच भागात घ्या.

बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधलं, १०१० साली पूर्ण झालं. सगळं ग्रॅनाइटचं, शिखर दोनशे फुटांच्या वर. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच, पण पडते, संध्याकाळी स्वतः बघा. दोनदा जा, एकदा पहाटे उघडल्यावर आणि एकदा ऊन उतरल्यावर, तेव्हा दगडाचा रंग मधासारखा होतो. दुपारी गाभारा बंद असतो आणि फरशी इतकी तापते की अनवाणी चालवत नाही, म्हणून बॅगेत मोजे ठेवा.

आता खरं सांगायचं ते हे. आवाराच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीवर भलामोठा मराठी शिलालेख आहे, देवनागरीत, १८०३ सालचा, दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. बरेच गाइड तिकडे नेतच नाहीत, आपण होऊन विचारा. आजूबाजूला सगळीकडे तमिळ आणि ग्रंथ (दक्षिणेत संस्कृत लिहायची जुनी लिपी) लिपीतले लेख आणि मधेच ओळीच्या ओळी आपली अक्षरं, भाषा जुनी आहे पण थोडं थांबलं की शब्द लागायला लागतात, माझ्या आईने तर बोट न लावता एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि बाजूच्या दोन तमिळ मुली कौतुकाने ऐकत उभ्या राहिल्या.

राजवाड्याला अर्धा दिवस द्या. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला. काही भागांची डागडुजी व्हायला हवी, ते बघून वाईट वाटतं, पण मराठा दरबार हॉलचे रंगवलेले खांब आणि आर्ट गॅलरीतल्या चोळकालीन ब्राँझ मूर्ती बघताना वेळ कसा जातो कळत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाचं म्युझियम लहानसं आहे, ताडपत्रं, जुने नकाशे वगैरे. आतला मोठा संग्रह अभ्यासकांसाठी असतो, मोडी शिकलेलं कोणी घरात असेल आणि आत जायचं असेल तर आधी लिहून परवानगी विचारून ठेवा. आपण मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकापासून मोजतो ना, त्याच्या साधारण दीडशे वर्षं आधी इथले शहाजीराजे (व्यंकोजीराजांचे पुत्र) मराठीत नाटकं लिहीत होते. नाटकवेड्या पुणेकरांनी तर एवढ्यासाठीसुद्धा जावं.

गाण्याची आवड असेल तर तिरुवैयारू, बसने अर्ध्या-पाऊण तासात, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी. जानेवारीत आराधनेला, म्हणजे त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत उत्सवाला जायचं तर राहायचं फार आधी बघा. तिथला अशोका हलवा नक्की खा, मुगाच्या डाळीचा, तुपाने निथळणारा. कुंभकोणमकडे दारासुरमचं देऊळ आहे, आकाराने लहान पण कोरीवकाम फार बारीक, जमलं तर तेही करा.

जेवणाचा प्रश्न नाही, दुपारी केळीच्या पानावर मील्स, सकाळ-संध्याकाळ टिफिन आणि फिल्टर कॉफी. हिंदी फारशी चालत नाही, मोडकंतोडकं इंग्रजी आणि हातवारे पुरतात. ऑटोवाल्याशी भाडं बसायच्या आधी ठरवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिकडे जोरदार पाऊस, दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी छत्री घ्याच. आणि तंजावर पेंटिंग घ्यायचं असेल तर देवळासमोर पहिल्याच दुकानात घेऊ नका, तीन-चार ठिकाणी बघा, सोन्याचा वर्ख खरा आहे का ते विचारा, आणि काचेची फ्रेम करून घेतलीत तर पॅकिंग डोळ्यासमोर करून घ्या, ट्रेनमध्ये ती वरच्या बर्थवर आडवी ठेवता येते.