तुम्ही विचारलंत म्हणून : ही पोरं टिकतात कशी?

मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, "ऊसतोडीच्या पोरांचे एवढे हाल होतात, तरी काही पुढं जातातच. उपजतच कणखर असतात का हो?"

उपजत वगैरे काही नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेल्या टोळ्या साखर कारखान्याच्या वाटेला लागतात, त्या उन्हाळ्यात परततात. बरोबर गेलेली पोरं कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, धाकटं भावंड सांभाळतात. अशीच परतलेली सहावीतली एक मुलगी भागाकार दिसला की "मला न्हाई येत, बाई" म्हणून मान खाली घालायची. एकदा वाढ्याचं, म्हणजे चाऱ्यासाठी विकतात त्या उसाच्या शेंड्यांचं, विचारलं, "तिकडं वाढं कोण विकायचं गं?"

"मीच की. आई फडात असायची."

"वीस रुपयांना चार पेंड्या, तर पन्नासला किती?"

"धा." माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. तेच फळ्यावर मांडून दाखवलं. टक लावून बघत राहिली, मग म्हणाली, "म्हंजी हे मला येतंय." पुढचं गणित चुकलं. पण या वेळी मान खाली गेली नाही. खोडलं आणि पुन्हा मांडलं. मला विचाराल तर सगळी मेख त्या खोडण्यात आहे. जमेल असं वाटतं तेच पोर दुसऱ्यांदा हात घालतं.

हवाईतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी ती चाळिशीला येईपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची दारू किंवा आजारपण अशा ओझ्याखाली वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं व्यवस्थित मार्गी लागली. आपण हातपाय हलवले तर फरक पडतो, हा भरवसा त्यांच्यात होता. आणि पाठीशी एखादं खात्रीचं मोठं माणूस : आजी, शेजारीण, नाहीतर मास्तर. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी पोरवयात धक्के खाल्ले. त्यातलेही कित्येक पुढं सावरले.

पण "पोरं कणखर आहेत, निभावतील" असं कुणी खुर्चीतला माणूस म्हणाला की माझं डोकं फिरतं. त्या पोरीनं वाढं विकायलाच नको होतं. आईबाप तोडीवर असताना गावात राहिलेल्या पोरांची सोय बघणारं हंगामी वसतिगृह टोळ्या निघायच्या आत सुरू झालं असतं, तर ती आजीपाशी गावातच राहिली असती आणि भागाकार वर्गाबरोबरच शिकली असती.