आमची वाटचाल: बाबांचा दोरा आणि टायटेनियमची फ्रेम

जुन्या नाशकात बाबांचं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्याने द्यायच्या, पंक्चर काढायचे, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. वाकलेली फ्रेम आली की बाबा फ्रेममध्ये मागचं चाक बसतं त्या खाचेला दोरा बांधत, हेडला (हँडल बसतं त्या पुढच्या पाइपला) वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणत आणि सीटच्या पाइपपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजत. अंतर सारखं नसलं की लांब पाइप अडकवून जोर लावायचा, पुन्हा दोरा. "लोखंड ऐकतं," असं म्हणायचे.

2015 मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली आणि आमच्या गिऱ्हाइकांची भाषाच बदलली. शनिवारी पहाटे त्र्यंबक रोडला सायकलींची रांग दिसू लागली. आम्ही कर्ज काढून गंगापूर रोडला गाळा घेतला. पहिली दोन वर्षं ओढाताणीची गेली.

मग टायटेनियमची पहिली फ्रेम आली. गिऱ्हाइकाने बाहेरून मागवलेली, खोक्याचा एक कोपरा चेपलेला. फ्रेम चकचकीत, कुठे ओरखडाही नाही. मागच्या खाचांमध्ये जो प्लॅस्टिकचा आधार घालून पाठवतात तो मात्र नव्हता. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. त्यांना रविवारी राइडला जायचं होतं, म्हणून रात्री बसून सायकल जोडली. मागचं चाक डावीकडे घासत होतं. मी दोनदा आउट काढला, तरी घासतंच. सकाळी बाबा आले, पाहिलं, म्हणाले, "चाकाला काय बघतोस? दोरा लाव." दोन बाजूंत 4 मिलिमीटरचा फरक!

सवयीने पाइप शोधायला गेलो आणि थांबलो. टायटेनियमचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम निम्मा, पण ताकद मोठी. दाबलं की वाकतं आणि सोडलं की परत येतं. अजून जोर लावावा तर वेल्डपाशी चीर जायची भीती. विकणाऱ्याने सांगितलं, पार्ट बसवलेली फ्रेम परत घेत नाही. चूक आमची होती. निम्मा तोटा आम्ही सोसला. ते गृहस्थ आजही आमच्याकडेच येतात, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासून नवी फ्रेम आधी तपासतो, मगच पाना लावतो. खोकं गिऱ्हाइकासमोर उघडायचं, फोटो काढायचे. हेडच्या मागे, खालच्या पाइपच्या पोटाशी टॉर्च तिरपी धरून बोट फिरवायचं. समोरून दणका बसला असेल तर तिथे सुरकुती येते. डोळ्यांना ती दिसत नाही, बोटाला लागते. हेडचं तोंड गोल आहे का, ते व्हर्निअरने दोन दिशांनी बघायचं.

वेल्ड बघायला मला सातपूरच्या एका वर्कशॉपमधल्या वेल्डरकाकांनी शिकवलं. "भाऊ, रंग बघ," म्हणाले. चंदेरी किंवा फिकट गव्हाळ असेल तर उत्तम. गडद निळा, राखाडी किंवा पांढरट पावडरसारखा दिसला तर गरम जोडाला हवा लागली आहे, जोड ठिसूळ झाला असणार. बाहेरचा रंग घासून घालवता येतो, म्हणून मी बीबीच्या (पेडलचा आस बसतो त्या) भोकातून टॉर्च टाकून आतली बाजूही बघतो.

शंका आलीच तर लाल डाय, म्हणजे बारीक चिरेत शिरून ती दाखवणारा रंग. जागा स्वच्छ पुसायची, पण क्लोरीनवाला क्लीनर टायटेनियमला लावायचा नाही. डाय मारून पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायची, वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. एकदाच उमटली, सीटच्या क्लॅम्पच्या फटीपाशी. नखाएवढी होती, पण ती फ्रेम आम्ही जोडली नाही.

फ्रेम नापास झाली तर तपासणीचे पैसे घेत नाही. हिशेबात ते बसत नाही, असं आमचा अकाउंटंट दर मार्चला सांगतो.

दोऱ्याचं एक टोक अजून बाबाच धरतात. मागच्या आठवड्यात सिन्नरहून आलेल्या फ्रेमला दोन्हीकडे 33 मिलिमीटर भरलं. त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, चष्मा वर सरकवून स्वतः पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "जोड आता."