थंड देशात दही का लागत नाही

परदेशात गेलेल्या मराठी माणसाचं घरचं दही पहिल्याच हिवाळ्यात रुसतं. दोष बहुतेकदा दुधाचा नसतो, तापमानाचा असतो. विरजणातल्या जिवाणूंना ४० ते ४५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि तिथल्या स्वयंपाकघरात जेमतेम १८-२० असते.

एक लिटर फुल फॅट दूध ८५ अंशांपर्यंत तापवून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवावं. यामुळे दुधातली प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट लागतं. ही पायरी गाळू नये. मग ४३-४४ अंशांवर आलं की दोन चमचे विरजण फेटून घालावं. अंदाजापेक्षा साधा थर्मामीटर बरा, कारण ५५ अंशांच्या वर विरजण मरू लागतं.

विरजणासाठी दुकानातलं साधं, बिनसाखरेचं योगर्ट चालतं, पण डब्यावर जिवंत कल्चर असल्याचा उल्लेख हवा. आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेल्या योगर्टने दही लागणारच नाही.

भांडं बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून, सहा ते आठ तास अजिबात न हलवता ठेवावं. ऊब कमी पडली तर दह्याला तार सुटते. जास्त वेळ राहिलं तर आंबटपणा वाढून पाणी सुटतं. लागलं की लगेच फ्रिजमध्ये.