डॉलरवर डॉलर

पीएचपी ही वेबसाइट बनवण्याची प्रोग्रॅमिंग भाषा शिकणारं कुणी भेटलं की हे दोन प्रश्न ठरलेले असतात. `$$नाव` असा दुहेरी डॉलर कधी वापरायचा? आणि `&` लावून रेफरन्स, म्हणजे कॉपी न करता त्याच किमतीला दुसरं नाव, कधी घ्यायचा? आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहूनच टाकतो.

आधी दुहेरी डॉलर. पीएचपीत व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवणाऱ्या खणाचं, नाव डॉलरने सुरू होतं. `$नाव`मध्ये 'दर' ही अक्षरं असतील, तर `$$नाव` म्हणजे `$दर`. (हो, पीएचपीला देवनागरी नावं चालतात. कामाच्या कोडमध्ये मी ती लिहीत नाही, कीबोर्ड बदलता बदलता जीव जातो.)

नवशिका असताना मी 40 प्रश्नांचा एक फॉर्म केला होता. `$उत्तर1` पासून `$उत्तर40` पर्यंत. लूपमध्ये 'उत्तर'ला आकडा चिकटवायचा, दोन डॉलर लावायचे, झालं काम! स्वतःवर बेहद्द खूश होतो. पुढे एकदा `$उत्तर17` नेमकं कुठे बदलतंय ते शोधायला बसलो, तर एडिटरचा सर्च एकही ओळ दाखवेना. दाखवणार कुठून? ती अक्षरं कोडमध्ये कुठे लिहिलेलीच नव्हती. शिवाय ही सगळी उत्तरं एखाद्या फंक्शनला द्यायची तर 40 आर्ग्युमेंट्स. तेव्हापासून नावाच्या शेपटीला आकडा दिसला की मी ओळखतो: हा अ‍ॅरे आहे, एका नावाखाली ठेवलेली किमतींची यादी, लिहिणाऱ्याने अजून कबूल केलेलं नाही इतकंच. `$उत्तर[17]` लिहा आणि सुटा. जावास्क्रिप्टमध्येही तेच, ऑब्जेक्ट किंवा मॅप घ्या, मजकूरच कोड म्हणून चालवणाऱ्या इव्हॅलच्या वाटेला जाऊ नका.

नाव बाहेरून येत असेल तर मात्र प्रकरण गंभीर. जुन्या पीएचपीत रजिस्टर ग्लोबल्स नावाची सोय होती. यूआरएलमध्ये जे लिहाल त्याचं आपोआप व्हेरिएबल व्हायचं. `$अ‍ॅडमिन`ला कोडमध्ये आधी किंमत दिलेली नसली, की यूआरएलला `?अ‍ॅडमिन=1` जोडणारा कुणीही आत. 4.2.0 मध्ये, म्हणजे 2002 साली, ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात झाली आणि 2012 च्या 5.4 मध्ये काढूनच टाकली. आज फॉर्ममधून आलेल्या डेटावर जो एक्स्ट्रॅक्ट (अ‍ॅरेतल्या प्रत्येक नावाचं व्हेरिएबल करणारं फंक्शन) चालवतो तो तीच सोय परत आणतो, आणि वर आधी दिलेल्या किमतीही पुसू देतो. टेम्प्लेटमध्ये आपणच भरलेल्या अ‍ॅरेवर एक्स्ट्रॅक्ट मी खपवून घेतो. `$पान->$कृती()` असा मेथड कॉलही चालेल, पण `$कृती` आपल्या ठरलेल्या यादीत आहे हे आधी तपासायचं.

आता रेफरन्स. "मोठा अ‍ॅरे आहे, कॉपी वाचावी म्हणून `&` लावला" हे मी इतक्यांदा ऐकलंय! पीएचपी अ‍ॅरे पाठवताना लगेच कॉपी करतच नाही, त्यात काही बदललं तरच करते. वेगासाठी `&` लावण्यात अर्थ नाही.

आणि तो चावतो कसा, तेही बघा. `$दर`मध्ये 10, 20, 30 आहेत. एका फॉरईचमध्ये (अ‍ॅरेच्या एकेका खणातून फिरणाऱ्या लूपमध्ये) `&$द` घेतलं, काही न बदलता लूप संपवला. खाली दुसऱ्या फॉरईचमध्ये साधं `$द`. शेवटी अ‍ॅरेत सापडतं 10, 20, 20. कारण पहिला लूप संपला तरी `$द` तिसऱ्या खणाला चिकटलेलंच असतं. दुसऱ्या लूपच्या पहिल्या फेरीत त्या खणात 10 पडतो, दुसरीत 20, आणि तिसरीत तो खण स्वतःचाच 20 वाचतो. एकदा हे शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. लूपनंतर लगेच `$द` अनसेट करा, किंवा कीने, म्हणजे खणाच्या नावाने, `$दर[$क]` बदला.

तरी एका कामासाठी मी रेफरन्स आवडीने वापरतो: डेटाबेसमधून आलेल्या सपाट ओळींचं झाड करायला. प्रत्येक ओळीत तिचा आयडी आणि पालकाचा आयडी असतो, क्रम कसाही. आयडीनुसार एक अ‍ॅरे ठेवायचा आणि पालकाच्या 'मुलं' या कीखाली त्या त्या मुलाचा रेफरन्स टाकायचा. कॉपी टाकली, तर नंतर आलेली नातवंडं त्या कॉपीत कधीच दिसत नाहीत. रेफरन्स असला, की कुणी आधी आलं, कुणी नंतर, एकाच लूपमध्ये सगळं कुटुंब जागेवर बसतं.