सुताचे पैसे आधी, मजुरी साडी उतरल्यावर

नवीन विणकराकडे काम द्यायचं झालं तर आप्पा, म्हणजे माझे सासरे, एक रीत पाळतात. आधी एकच साडी विणायला द्यायची आणि उचल सुतापुरतीच. साडी मागावरून उतरली की ती दाराच्या उजेडात उलगडायची आणि पदराची उलटी बाजू बघायची. सुटलेले धागे, ओढलेली जर, सगळं तिथं दिसतं. मग पुढचं बोलणं.

ही रीत घरात चाळीस वर्षं चालू असताना मी वेबसाइट करणाऱ्या एजन्सीला पहिल्या भेटीत ७० टक्के रक्कम दिली. ६५,००० रुपयांपैकी ४५,५००. आप्पांना सांगितलंच नाही.

आमचं साडीचं दुकान शहापुरात. बेळगावातलं शहापूर. हे मुद्दाम सांगते, कारण ठाण्याजवळच्या शहापूरला आमची पार्सलं जाऊन आलेली आहेत. एकेकाळी आमचं शहापूर सांगली संस्थानात होतं आणि रस्ता ओलांडला की बेळगाव ब्रिटिशांचं. म्हणजे हद्द ओलांडून माल विकणं आम्हाला नवीन नाही. वडगाव, खासबाग, शहापूर या पट्ट्यात पॉवरलूमची खडखड असते आणि आमचा बराचसा माल तिथलाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं तेव्हा मी व्हॉट्सॲपवर फोटो टाकायला लागले. पुण्याला, कोल्हापूरला, डोंबिवलीला दिलेल्या बेळगावच्या लेकींनी पहिली गिऱ्हाइकं आणली. दोन वर्षांत व्हॉट्सॲप आवरेना. कुणी पैसे पाठवले, कुणाची साडी बांधली, काही मेळ लागेना. म्हणून वेबसाइट.

पहिली एजन्सी एका मोठ्या शहरातली. नाव सांगत नाही. त्यांनी लॅपटॉपवर दाखवलेलं डिझाइन बघून मी हुरळले. मागे मंद सतार वाजायची, पदर उलगडत जायचा. माझं माहेर जांबोटीचं. दिवाळीला तिथं गेले आणि आईच्या ओसरीवर बसून फोनवर आमचं दुकान उघडलं. आईचा चहा पिऊन झाला तरी पदर उलगडतच होता. एकेक फोटो चार-चार एमबीचा. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स नावाचं फुकटचं पान आहे, तिथं पत्ता टाकला की साइट मोबाइलवर किती रखडते ते कळतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता कुणीही आपलं काम दाखवलं की मी आधी तिथं पत्ता टाकते.

रंगांची तर वेगळीच गंमत. आमच्याकडे रामा, चिंतामणी, डाळिंबी, आबोली, मोरपंखी असे रंग. त्यांच्या यादीत ब्लू, ग्रीन, पिंक. रामा कलरच्या साडीला त्यांनी 'टील' लिहिलं. पदर शोधणारी आमची कुठली बाई गूगलवर टील टाकणार? गावाचं नावही तसंच. २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, म्हणून त्यांनी सगळीकडे बेळगावी घातलं. पण पुण्यात बसून माहेरची साडी शोधणारी 'बेळगाव'च लिहिते. दोन्ही नावं साइटवर असायला हवीत एवढी साधी गोष्ट, ती मला सहा महिन्यांनी सुचली.

आणखी एक प्रकार झाला, तो आठवला की अजून कानशिलं तापतात. पॉवरलूमच्या साडीखाली त्यांनी 'अस्सल हातमाग, प्युअर सिल्क' लिहिलं होतं. मी फोन केला तर म्हणाले, मॅडम, असंच चालतं. कसं चालेल? हातमागाच्या मालाला हँडलूम मार्क असतो, रेशमाला सिल्क मार्क असतो, आणि आमच्या बायका बोटांनी पोत ओळखतात. एका जुन्या गिऱ्हाईक मावशींनी आप्पांना फोन करून विचारलं, "आप्पा, तुम्ही कधीपासून हातमाग लावलासा?" आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जाहिरातींचा हिशेब मात्र सविस्तर सांगते, कारण फसायची खरी जागा तीच. महिन्याच्या शेवटी एक रंगीत रिपोर्ट यायचा. रीच इतका (म्हणजे जाहिरात किती जणांपर्यंत गेली), इंप्रेशन इतकी (म्हणजे ती किती वेळा दिसली), रोआस ३.२. रोआस म्हणजे जाहिरातीवर घातलेल्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली ते. २०,००० रुपये जाहिरातीला घातले आणि ४४ ऑर्डरी आल्या, सरासरी १,४५० रुपयांच्या. ६३,८०० रुपयांची विक्री. ऐकायला झकास. मग मी दुकानाच्या लाल वहीत स्वतः मांडलं. ४४ पैकी २६ कॅश ऑन डिलिव्हरी. त्यातली ११ पार्सलं परत आली. कुणी दार उघडलं नाही, कुणी "मी मागवलंच नव्हतं" म्हणालं. खरी विक्री ३३ साड्यांची, ४७,८५० रुपयांची. एका साडीमागे मला सुटतात साधारण ४५० रुपये, म्हणजे १४,८५०. त्यातून जाहिरातीचे २०,०००, एजन्सीची फी ८,०००, पोचलेल्या पार्सलांचं कुरियर २,६४०, आणि परत आलेल्यांचं जाऊन-येऊन १,७६०. साडेसतरा हजारांचा खड्डा. आणि रिपोर्टवर हिरवा बाण वर चाललेला.

त्यांचा रिपोर्ट खोटा नव्हता. ऑर्डर पडली की त्यांच्या लेखी विक्री झाली. परत आलेलं पार्सल त्यांच्या रिपोर्टात कुठं दिसायचंच नाही, ते माझ्या माळ्यावर येऊन पडायचं.

सोडायचं ठरवलं तेव्हा कळलं की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यांच्या नावावर आहे. जाहिरातीचं खातं त्यांचं. साड्यांच्या मूळ फोटोंची फाइल त्यांच्याकडे, आणि नेसून उभी राहिलेली माझी नणंद! डोमेन परत मिळवायला तीन महिने आणि वर पैसे गेले. किती, ते आप्पा हा ब्लॉग वाचतात म्हणून लिहीत नाही.

दुसऱ्यांदा शोधायला निघाले तेव्हा आप्पांना सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "काय सांगूलालाय ते सोड. काय विचारूलालाय ते बघ."

तिघांना भेटले. पुण्याच्या एकाने बेळगाव म्हटल्यावर गळाच काढला, "तुम्ही तर आपलीच माणसं!" सीमाभाग, लढा, सगळं बोलून झालं. छान वाटलं. मग मी आप्पांची उलटी बाजू बघायची रीत लावली. त्याने केलेल्या तीन दुकानांची नावं घेतली आणि प्रत्येकातून काहीतरी मागवलं. एकाची साइटच बंद. दुसऱ्यातून मसाल्याचं पाकीट मागवलं, पैसे गेले आणि दहा दिवस पत्ता नाही. तिथल्या नंबरवर फोन केला तर मालकीणबाईच माझ्याशी अर्धा तास बोलल्या. त्यांचंही डोमेन अडकलं होतं. एजन्सीचं काम बघायचं तर तिच्या जुन्या गिऱ्हाइकाकडून दोन-तीनशे रुपयांची वस्तू मागवायची, एखादी परत करून बघायची आणि मग मालकाला फोन लावायचा. यावर माझा जितका विश्वास बसलाय तितका कुठल्याही सादरीकरणावर नाही.

बेंगळुरूचे लोक कामाला पक्के होते. त्यांची फी आमच्या महिन्याच्या नफ्याहून जास्त. तो विषय तिथंच संपला.

तिसरी दोन पोरं, टिळकवाडीतली. एक कोड लिहितो, एक जाहिराती बघतो. ऑफिस म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. डिझाइन दाखवायच्या आधी त्यातला एक म्हणाला, "काकू, परत आलेल्या पार्सलांची वही असेल तर दाखवा की." मी बघतच राहिले. वही घेऊन त्याने पिनकोडवार खुणा केल्या. मग विचारलं, गिऱ्हाईक फोनवर कुठल्या भाषेत बोलतं? एका रंगाच्या किती साड्या असतात? गल्ल्यावर साडी विकली गेली तर साइटवरून कोण काढणार?

शेवटचा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. आमच्याकडे एका रंगाचे तीन-चार नग असतात. सकाळी काउंटरवर गेलेली डाळिंबी संध्याकाळी साइटवर कुणीतरी विकत घेतलेली असायची. मग फोन, माफी, परतावा. आता दुकानातलं बिलही त्याच यंत्रणेतून निघतं आणि साठा आपोआप कमी होतो. माझ्या लेखी अख्ख्या वेबसाइटमधलं सगळ्यात उपयोगी काम ते, आणि बाहेरून कुणाला दिसतही नाही.

शॉपिफाय की वूकॉमर्स यावर त्यांच्यात आपापसात वाद झाला, माझ्यासमोर. शॉपिफाय म्हणजे भाड्याने मिळणारं तयार ऑनलाइन दुकान, महिन्याचं भाडं, पण डोक्याला त्रास कमी. वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसवरचं फुकट सॉफ्टवेअर, पण होस्टिंग (म्हणजे साइट ठेवायची जागा), अपडेट, बिघाड सगळं आपल्या गळ्यात. मला तो वाद ऐकून बरं वाटलं. ज्याला त्याला एकच औषध देणारा डॉक्टर मला नको होता. शेवटी वूकॉमर्स घेतलं, पण महिन्याला देखभालीची रक्कम लिहून घेऊनच.

पैशाचं आप्पांनी ठरवलं. सुताचे आधी, म्हणजे डोमेन आणि होस्टिंगचा खर्च, तोही थेट माझ्या कार्डावरून, माझ्या नावावर. मग दहाच साड्यांचं छोटं दुकान. ते जांबोटीत आईच्या फोनवर उघडलं की पहिला हप्ता. बाकीचा माल चढवून पहिल्या पन्नास ऑर्डरी सुरळीत गेल्या की दुसरा. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सोय, माझ्या पॅनवर, जाहिरातीचं खातं माझं, त्यांना फक्त काम करायची परवानगी. उद्या त्यांना सोडलं तर मी एक बटण दाबून परवानगी काढून घ्यायची. पोरांनी कुरकुर केली नाही. "असंच असायला पाहिजे की," म्हणाली.

त्यांनीच सांगितलं की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव लागतं, तक्रारीला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याच्या आत ती निकालात काढावी लागते. तर सध्या मी तक्रार निवारण अधिकारी आहे. नणंद मला साहेब म्हणते.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली नाही, आमच्या बायका ती सोडणार नाहीत. पण आधी यूपीआयने १०० रुपये घेतो आणि सगळे आधी भरले तर ५० रुपये सूट. ऑर्डरी कमी झाल्या. गेल्या महिन्यात ३१ आल्या आणि परत आल्या दोन. रिपोर्टवर बाण नाही. एकच ओळ असते, पोचलेल्या साड्या किती आणि हातात किती राहिले.

एक भानगड मात्र पोरांनाही आधी सुचली नव्हती. कोल्हापूर इथून शंभरेक किलोमीटर, पण तिकडे साडी गेली की आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी. बेंगळुरू पाचशे किलोमीटर, तिथं गेली तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विकल्याचा. आमच्यासारख्या पॉवरलूमच्या मालाला परराज्यात विकायचं तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागतेच. इथपर्यंत ठीक. पण साइटवर पत्ता भरताना 'राज्य निवडा' अशी एक चौकट असते आणि बेळगावातली आमची निम्मी गिऱ्हाइकं तिथं बिनदिक्कत महाराष्ट्र निवडतात. बिल आयजीएसटीचं निघतं. आमच्या सीएने रिटर्न भरताना डोक्याला हात लावला. "वहिनी, हे अनगोळ कधी महाराष्ट्रात गेलं?"

पोरांनी उपाय केला. पिनकोड टाकला की राज्य आपोआप येतं आणि बदलता येत नाही. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी फोन, येळ्ळूरहून एक बाई.

"आम्ही महाराष्ट्र टाकूलालाव, तुमची साइट कर्नाटक करूलालीय. हे काय?"

येळ्ळूर म्हणजे महाराष्ट्रात जायचं म्हणून सीमालढ्यात पुढं असलेलं बेळगावजवळचं गाव, म्हणून मी जीएसटी, पिनकोड वगैरे काही बोलले नाही. फोन आप्पांकडे दिला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, साडीचा रंग विचारला, काठ विचारला आणि म्हणाले, "बाई, तू साडी सांगितलीस, आम्ही दिली."

बिल काउंटरवरचं केलं. पुड्यावर आप्पांनी स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलं, मु. पो. येळ्ळूर, ता. जि. बेळगाव. त्याखाली काहीच लिहिलं नाही. भाचा संध्याकाळी गाडीवरून जाऊन देऊन आला.