बांगड्याचा आकडा

हर्णैजवळच्या एका मच्छीमार सोसायटीचे हिशेब मी लिहितो. डिझेलच्या परताव्याची प्रकरणं, बर्फाची उधारी, ऑडिट. यंदा बांगडा खरंच कमी लागला की तसं नुसतं वाटतंय, यावरून कार्यकारिणीत वादावादी झाली आणि मागच्या काही वर्षांचे सरकारी आकडे आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आकडे मिळाले, नाही म्हणत नाही. पण एक्सेलमधला तक्ता छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ! "मूळ फाइलच द्या ना साहेब," म्हटलं, तर म्हणाले, "तिच्यावर शिक्का कुठे मारू?" हसू आलं, पण त्यांचंही चुकत नाही. फाइलीत कुणी एक शून्य वाढवलं तर जाब त्यांनाच विचारणार. माहिती दिली म्हणून पाठ कोण थोपटणार? संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात माहिती खुली करा, असं केंद्राचं धोरण २०१२ पासून आहे. टेबलामागची धास्ती त्याने जात नाही.

शिवाय आकडे अख्ख्या जिल्ह्याचे. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर आणि आमचं हर्णै एकाच ओळीत. त्यातून आमच्या बंदराचं काय कळणार, कपाळ?

उलट हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, मासळीचा अंदाज बघा. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून ते बंदरानुसार दिशा, अंतर, खोली सांगतात. ढग दाटले की अंदाज येत नाही, तेव्हा आमचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, चक्क चौकशी करतात. कामाची माहिती असली की पोर्टल वापरा म्हणून कुणाला शिकवावं लागत नाही.

खरी गोम मात्र त्याआधीची, जेट्टीवरची आहे. नोंद घेणारा विचारतो, "किती टोपल्या?" तांडेलाच्या डोक्यात तेव्हा डिझेल असतं, पर्ससीनवर, म्हणजे मासळीचा थवाच घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, २०१६ साली आलेली बंधनं असतात, शेजारच्या होडीने काय सांगितलं तेही असतं. मग सोयीचा आकडा सांगून तो मोकळा होतो. त्या आकड्याचं पुढे काय झालं हे त्याला आजवर कुणी दाखवलेलंच नाही. मग खरं सांगायची त्याला गरज ती काय? वर कितीही देखणं संकेतस्थळ बांधा, त्यात भरणार हेच.

म्हणून मी सुचवलं, दर महिन्याची मासळी जातवार लिहून सोसायटीच्या फळ्यावर लावू. जून-जुलैच्या बंदीत तक्ता आखून ठेवतो. तरुण पोरं लगेच हो म्हणाली. एक जुने नाखवा तेवढे अडून बसले: "भाऊ, बांगडा रग्गड आलाय हे फळ्यावर वाचल्यावर व्यापारी भाव देईल काय?"

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. महिना उलटल्यावर लावला तर चालेल का, एवढंच विचारलंय. नारळी पौर्णिमेनंतरच्या सभेत ठरेल.