वय, कौशल्य आणि जागा बदलणारी बटणे

तरुणांना नवे तंत्रज्ञान उपजतच येते आणि ज्येष्ठांना ते काही केल्या जमत नाही, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की ती तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. २००१ मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने ‘डिजिटल नेटिव्ह’ म्हणजे लहानपणापासून डिजिटल तंत्रज्ञानातच वाढलेले आणि ‘डिजिटल इमिग्रंट’ म्हणजे मोठेपणी त्याकडे वळलेले, अशी विभागणी मांडली आणि ती जगभर उचलली गेली. मला ती दोन्ही पिढ्यांवर अन्याय करणारी वाटते.

माझ्या आईने एका वहीत फोनवरील कामांच्या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. ‘वर डावीकडे तीन रेघा, तेथे बोट टेकवणे, मग खालून दुसरी ओळ’ अशा त्या नोंदी अचूक होत्या आणि त्यांच्या आधाराने तिची कामे बिनबोभाट होत असत. पुढे अ‍ॅप अपडेट झाले, त्या तीन रेघा नाहीशा झाल्या आणि वहीतले पान निरुपयोगी ठरले. शिकलेले ती विसरली नव्हती. शिकलेली वस्तूच बदलली होती. या फरकाकडे आपण सर्रास दुर्लक्ष करतो, याचे मला फार वाईट वाटते.

त्यातच आता बऱ्याच क्रिया पडद्यावर दिसतच नाहीत. २०१७ च्या आयफोन एक्समध्ये होम बटण राहिले नाही, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये ‘मागे’ जाण्यासाठी पडद्याच्या कडेवरून बोट आत सरकवण्याची सोय आली. बोट कोठून सरकवायचे याची खूण कोठेच नसते. ते कोणाचे तरी पाहून किंवा चाचपडतच कळते. तरुण निर्धास्तपणे चाचपडतात, कारण चुकले तरी मागे फिरता येते हा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. उलट, ज्या फोनमध्ये आपली सारी जमापुंजी आहे आणि ज्याच्या आधारे फसवणूक झाल्याच्या बातम्या रोज कानावर पडतात, त्या फोनवर अनोळखी ठिकाणी बोट न लावणाऱ्या माणसाला भित्रा कसे म्हणावे?

तरुणांचे कौशल्यही समजले जाते तितके सर्वांगीण नाही. आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक व माहिती साक्षरता तपासणाऱ्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत सर्वोच्च पातळी गाठणारे जेमतेम दोन टक्के होते. व्हिडिओ झटपट संपादित करणाऱ्या मुलांनाही आपली फाइल नेमकी कोणत्या फोल्डरमध्ये साठवली गेली हे अनेकदा सांगता येत नाही, कारण अ‍ॅपने ती व्यवस्था त्यांच्यापासून झाकूनच ठेवलेली असते.

नवे व्यासपीठ स्वीकारण्याचा प्रश्न तर कौशल्याचा कमी आणि सोबतीचा अधिक आहे. २००४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेले फेसबुक २००६ मध्ये तेरा वर्षांवरील सर्वांना खुले झाले. यथावकाश तेथे आईवडील, काका, मावश्या आल्या आणि मुलांनी आपल्या गप्पा दुसरीकडे हलवल्या. ज्येष्ठ मात्र तेथेच राहिले, कारण त्यांची माणसे तेथे होती.

म्हणून आईला काही दाखवताना फोन तिच्याच हातात राहू द्यावा, असे मी ठरवले आहे. आपण तो काढून घेऊन क्षणार्धात काम उरकतो, तेव्हा काम होते, पण कोणत्या कडेवरून बोट सरकवले हे तिला दिसतच नाही.